झाडीपट्टीतली कामं : भंडाऱ्याहून वडसा, मग नागभीड

मी यवतमाळची, कापसाच्या मुलखातली. अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवते. विदर्भातले उद्योग आले की पोरं जोड्या लावून मोकळी होतात : भंडारा-पितळ, गोंदिया-बिडी नि तांदूळ, चंद्रपूर-कोळसा. दोन गुण पक्के. मोठ्या नणंदबाईंनी यंदा संक्रांतीनंतर फोन केला, "गाडी काढते, येतेस का?" तेव्हा म्हटलं, चला, झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या धान नि जंगलाच्या पट्ट्यात, जोड्या तरी तपासून येऊ. ताईंची सगळी नोकरी गोंदिया जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून झाली. प्रत्येक गावात त्यांनी बाळंतपण केलेली एक तरी बाई निघतेच. असा माणूस सोबत असला की ओळखीचं पत्र लागत नाही.

बुधवार : भंडारा

नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. सकाळी तर्री पोहे हाणले आणि दहाच्या आत वैनगंगेकाठच्या या गावात पोचलो. पितळेची दुकानं शोधावी लागत नाहीत. कारखाने मात्र शोधावे लागतात, कारण ते घरांच्या मागे, परसात असतात. आवाजाच्या मागे चालत जायचं. पूर्वी हा ठोक्यांचा आवाज पहाटेपासून गावभर असायचा, असं जो तो सांगतो. आम्ही गेलो तेव्हा एका गल्लीत दोनच घरांतून येत होता.

त्यातल्या एका घरी सत्तरीचे काका गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घडवत बसले होते. गुंडाचे भाग वेगवेगळे घडतात, गळा वेगळा, पोट वेगळं. कडा एकमेकींत बसतील अशा दातेरी कापायच्या, त्यावर टाकणखार नि झाळ लावायची आणि भट्टीत धरायचं. झाळ वितळून सांध्यात कधी उतरली हे केवळ रंगावर ओळखायचं. काका बोलता बोलता गुंड बाहेर काढत, एक नजर टाकत, पुन्हा आत धरत. तिसऱ्यांदा काढला तेव्हा सांधा शोधूनही सापडला नाही. मग चिंचेच्या पाण्यात बुडवणं, घासणं आणि शेवटी ठोके. ठोके शोभेचे असतील असं मला वाटायचं. काका म्हणाले, "शोभा नंतर जी. ठोक्यानं पत्रा कडक होते. बिनठोक्याचा गुंड डोक्यावरून उतरवला का पोचा पडते."

कच्चा माल कुठून येतो? बहुतेक मोडीतून. म्हातारी माणसं गेली की घरातली भांडी निघतात, व्यापारी ती वजनावर घेतो, वितळून पत्रा होतो आणि तोच पत्रा कारागिराकडे येतो. कारागिराला मिळते ती घडणावळ, माल त्याचा नसतोच. पितळेत दोन हिस्से तांबं नि साधारण एक हिस्सा जस्त. तांब्याचा भाव चढला की व्यापाऱ्याचा साठा वधारतो. काकांची घडणावळ तिथेच राहते. स्टीलनं धंदा मारला हे खरं, पण ही दुसरी गोष्ट मला कुठल्या पुस्तकात दिसली नव्हती.

काकांचा मुलगा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आहे. जानेवारी 2025 मध्ये तिथे मोठा स्फोट झाला, कामगार दगावले. त्या दिवशी फोन लागेपर्यंत काकांनी हातोडा धरला नव्हता. तरी नातवानं काय करावं असं ताईंनी विचारलं तर क्षणात उत्तर आलं, "निर्माणीतच लागावं. पगार एक तारखेला येते."

जाणाऱ्यांसाठी : भांडं घेताना नुसतं वजन पाहू नका, बोटानं टिचकी मारा. सांधा कच्चा असेल तर आवाज बद्द येतो. आणि सरळ कारागिराकडून घेतलंत तर घासाघीस करू नका, दुकानापेक्षा त्याचा भाव आधीच कमी असतो.

गुरुवार : आंधळगाव, तुमसर

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव हे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं गाव. जंगलात ऐनाच्या नि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडतात. त्या पाळायचं काम परंपरेनं ढिवर समाजाकडे. पाखरं, मुंग्या, माकडं यांच्यापासून अळ्या राखायला माणूस पावसाळ्यात दिवसचे दिवस गुलेल घेऊन झाडाखाली बसतो. कोष गावात आले की बाया ते सोड्याच्या पाण्यात उकळतात, धागा काढतात आणि मग ते सूत कोष्टी-हलबा विणकरांच्या मागावर जातं.

आम्ही गेलो त्या घरात खड्ड्याचा माग होता. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसले होते, समोर मधाच्या रंगाचं ताणलेलं सूत, आणि दोन्ही बाजूंना करवतीच्या दात्यांसारखे काठ. ही करवतकाठी, भौगोलिक मानांकन मिळालेली. दाते छापलेले नसतात आणि भरतकामही नसतं. काठाचा एक धोटा, अंगाचा एक, पलीकडच्या काठाचा एक, असे तीन धोटे प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवत जायचं, तेव्हा एक दाता उठतो. त्यासाठी शेजारी मदतनीस लागतो. इथे मदतनीस म्हणजे त्यांची बायको, आणि तिचा हात नवऱ्यापेक्षा चपळ होता. मी पाऊण तास बघत होते. तेवढ्यात काठ चार बोटं पुढे सरकला असेल.

"दोघांची मजुरी वेगळी मिळते का?" मी विचारलं. बाई हसल्या. "साडीची मजुरी असते बाई. साडीले का मालूम, कोन बसलं होतं?"

माझ्या डोक्यात ते वाक्य पुढे गोंदियापर्यंत होतं. रोजगाराच्या तक्त्यात हा माग 'एक विणकर' म्हणून मोजला जाणार. धागा काढणाऱ्या सासूबाई तर कुठेच नाहीत. त्यातून दोघंही आषाढ-श्रावणात माग बंद ठेवून रोवणीला जातात, कारण पावसाळी हवेत सूत ताणत नाही आणि रोवणीची मजुरी रोख मिळते. मग यांना विणकर म्हणायचं की शेतमजूर?

खरा कोसा ओळखायचा तर पदराचा एक धागा मागून घ्या आणि जाळा. केस जळाल्यासारखा वास आला नि राख बोटानं चुरली तर रेशीम. गोळी होऊन कडक झाली तर पॉलिस्टर. विणकराला याचा राग येत नाही, दुकानदाराला येतो. घाईच्या खरेदीला इथे येऊ नका, तयार साडी घरात क्वचितच असते. ऑर्डर द्यायची नि वाट बघायची.

दुपारी तुमसरला जेवलो. लाखोरीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, भात. धान निघायच्या आधी उभ्या पिकातच लाखोरी फेकतात आणि शेतातल्या ओलीवर ती वाढते. आमच्याकडे ताटात भाकरी आधी येते, इथे भात मागावा लागत नाही, थांबवावा लागतो.

तुमसरपुढे डोंगरी बुजुर्ग नि चिखला इथे मॅंगनीजच्या खाणी. चिखल्याची भूमिगत, डोंगरीची उघडी. इथल्या खनिजाचा धंदा 1896 पासूनचा, इंग्रजी कंपनीनं सुरू केलेला. 1962 मध्ये त्यातून आजची मॉईल ही सरकारी खाण कंपनी झाली. डोंगरीचं खनिज बॅटरीच्या सेलमध्ये वापरतात, बाकीचं बरंचसं पोलाद कडक करायला जातं. आत जायला परवानगी लागते, ती आम्ही काढली नव्हती, म्हणून बाहेरूनच काळे ढीग पाहिले. चहाच्या टपरीवर पाळी सुटलेली माणसं होती. त्यांचे बूट, टिफिन, ओळखपत्रं पाहून ताई म्हणाल्या, "या पट्ट्यात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न एकच, खाणीत कायम आहे का ठेकेदारीत?"

संध्याकाळी तिरोड्यावरून गोंदिया. वाटेत औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, 3300 मेगावॉटचं आहे. मग धुकं असं उतरलं की चिमण्या सोडाच, पुढच्या ट्रकचा लाल दिवाही दिसेना. विदर्भात थंडीचा नीचांक बहुतेक वेळा गोंदियाचा असतो, हे पेपरात वाचणं वेगळं आणि वीसच्या वेगानं गाडी चालवत अनुभवणं वेगळं. जानेवारीत इकडे रात्रीचा प्रवास टाळा.

शुक्रवार : गोंदिया

सकाळी ताईंच्या जुन्या आरोग्य केंद्राच्या गावात गेलो. ओट्यावर ऊन खात पाच-सहा बाया मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. ताई दिसल्या तशी एक म्हातारी उठलीच, "अवो सिस्टर बाई!" मग चहा, मग दुसऱ्या घरचा चहा.

बिडीचं काम रात्री सुरू होतं, पानं भिजत घालण्यापासून. सकाळी पत्र्याचा फरमा ठेवून कात्रीनं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, टोक नखानं दुमडायचं, बुडाला दोरा. बघता बघता बाईनं पाच वळल्या आणि तेवढ्यात सुनेला ओरडूनही घेतलं. 25 बिड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारावर. सट्टेदार, म्हणजे बिडीचा मधला ठेकेदार, पानं नि जर्दा मोजून देतो, बिड्या मोजून घेतो आणि त्यातली छाट काढतो. छाट बिडीची मजुरी नाही. वाईट पानं मिळाली तरी हजाराचा हिशेब पुरा करायचा, म्हणजे पदरची पानं घालायची. म्हातारी म्हणाली, "आधी दिवसाची हजार वळत होती. आता 600-700. डोळे गेले, नि कामबी हप्त्यातून तीनच दिवस देतेत."

बिडी-सिगार कामगारांचा कायदा 1966 चा होता, नोव्हेंबर 2025 मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. कल्याण निधीचा कायदा 1976 चा. त्यातून मिळालेलं ओळखपत्र म्हातारीनं पेटीतून काढून दाखवलं. त्यावर पोरीला शाळेची शिष्यवृत्ती मिळाली होती. ती पोर आज नागपूरला नर्स आहे, हे सांगताना म्हातारीनं ताईंच्या हातावर टाळी दिली. बिडी बंद व्हावी का, असं मी विचारलं. आरोग्य खात्यात हयात घालवलेल्या ताई चटकन 'हो' म्हणतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "क्षयाचे पेशंट मी याच गल्लीतून नेलेत. पण हिच्या मांडीवरचं सूप उचलायचं तर आधी दुसरं काहीतरी ठेवावं लागेल ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आत्ताही नाही.

दुपारी राईस मिल. गोंदिया-भंडारा म्हणजे धानाचा मुलूख, आणि मिलचं अर्थकारण सरकारी भरडाईवर चालतं. 100 किलो धान दिलं की 67 किलो तांदूळ परत द्यायचा. उरलेला कोंडा, कणी, भुसा मिलवाल्याचा. कोंड्याचं तेल निघतं, भुसा बॉयलरला जातो, कणी वेगळ्या बाजारात. मालक म्हणाले, "मॅडम, तांदळात कमाई नाही, जे टाकाऊ म्हनता त्यात आहे." आत पोती उचलणारे हमाल बिहारचे होते. गावची माणसं का नाहीत, विचारलं तर मालकांनी हात झटकले, "इकडचा मानूस सहा महिन्याच्यावर एका जागी टिकत नाही."

आळशी म्हणायचं होतं त्यांना. पण तोवर मला दुसरंच दिसायला लागलं होतं. टिकत नाही, कारण त्याच्याकडे पुढच्या महिन्याचं दुसरं काम ठरलेलं असतं : जुलैत रोवणी, दिवाळीआधी कापणी, हिवाळ्यात मळणी नि मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, मार्च-एप्रिलला मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. आमच्या नकाशात गावासमोर एक उद्योग लिहिलेला असतो. इथे एकच बाई वर्षभरात चार उद्योगांत असते आणि चारही ठिकाणी तिला हंगामी म्हणतात.

शनिवार : गोठणगाव, वडसा

अर्जुनी मोरगावकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले, आता मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणून ओळखले जाणारे. पाण्यात डोंग्यांतून ढिवर जाळी टाकत होते. नवेगाव बांधजवळ ताजे झिंगे विकत घेतले आणि एका खानावळीत शिजवून घेतले. अशी विनंती इकडे कुणाला विचित्र वाटत नाही. मसाल्याचे पैसे द्यायचे, झालं.

गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग, 1972 पासूनची. धानाच्या बांधांमध्ये अचानक रंगीत पताका नि गोम्पा दिसतो, मन हरखतं. पण गल्ल्या निम्म्या रिकाम्या, दारांना कुलपं. गोम्पाच्या पायरीवर जपमाळ ओढणाऱ्या आजींना मी हिंदीतून विचारलं, माणसं कुठे गेली? त्या अस्सल इथल्या मराठीत म्हणाल्या, "समदे स्वेटर विकाले गेले ना! थंडी सरली का येतीन." यवतमाळच्या पोस्ट ऑफिससमोर दर हिवाळ्यात स्वेटरची दुकानं लागतात, लहानपणापासून घेत आलेय. त्या विकणाऱ्यांचं शेत, घर इथे विदर्भातच असू शकतं, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. थंडीत स्वेटर, पावसाळ्यात धान. हेही तेच वेळापत्रक.

वडसा, म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन. आणि झाडीपट्टी नाटकांची राजधानी. मुख्य रस्त्याला ओळीनं नाटक मंडळांची ऑफिसं आहेत, वर भडक रंगाचे फलक, आत एक टेबल, एक वही आणि भिंतभर पोस्टरं. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून होळीपर्यंत हंगाम. ज्या गावात मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, त्या रात्री तिथे नाटक. गावातली समिती येते, तारीख नि नाटक ठरवते, विसार देते. तिकिटं समिती विकते, तोटा झाला तर समितीचा. शंकरपटावर 2014 ला बंदी आली तेव्हा नाटकांच्या तारखाही गळाल्या. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली, तसे बैल परतले आणि त्यांच्या मागे नाटकंही. या रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा फोटो जवळजवळ प्रत्येक ऑफिसात आहे.

रात्री जवळच्या गावात प्रयोगाला गेलो. दहाची वेळ, पडदा वर गेला साडेदहाला. मैदानात तणसावर गाद्या, मागे खुर्च्या, त्यामागे चहा, भजी, शेंगदाणे, कानटोप्या, फुगे. मी आधी दुकानं मोजायला लागले, मग नाद सोडला. एका नाटकामागे किती पोटं चालतात! नट-नट्या, ऑर्गन-तबला, रंगभूषा, मंडपवाला, प्रकाशवाला, साउंडवाला, ट्रक, पोस्टर छापणारा. कथानक अगदी साधं, सासू-सून, दारू, सावकार. विनोदी पात्र बोलीत सुरू झालं की अख्खं मैदान हलतं. शहरी समीक्षकांना ते भडक वाटतं. वाटू दे. रात्री तीनला, आठ अंशांत, तिकीट काढून आलेली दोन हजार माणसं जागी ठेवून दाखवावीत त्यांनी.

मध्यंतरात प्रकाशवाल्या मुलाशी बोललो. खाकी जाकीट, कानात पेन्सिल. पावसाळ्यात घरचं दोन एकर धान, आता होळीपर्यंत दिवे.

"आणि मग?"

"मे मईन्यात तेंदूची फळी, म्हंजे पानं गोळा कराची जागा. मी मुन्शी असतो जी तिथं. 70 पानांचा पुडा, मोजून घ्याचा, वहीत लिव्हाचा. या ना तेव्हा."

"आणि फॉर्मवर व्यवसाय काय लिहितोस?"

त्यानं ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बेरोजगार लिव्हतो. नाहीतर योजना भेटत नाई."

ताई इतक्या मोठ्यानं हसल्या की पुढच्या गादीवरच्या बाईनं वळून दटावलं. तिसरा अंक सुरू झाला होता.

नाटकाला जायचं असेल तर : तारखा इंटरनेटवर शोधत बसू नका, वडशातल्या कुठल्याही ऑफिसात विचारा, ते दुसऱ्या मंडळाचीही तारीख सांगतात. तिकीट गादीचं काढा, खुर्चीवर वारा लागतो. घोंगडी किंवा जाड शाल हवीच. मुक्कामाला ब्रह्मपुरी सोयीची, पण लॉजवाल्याला आधीच सांगून ठेवा की पहाटे सहाला येऊ. नाहीतर आमच्यासारखं गाडीत झोपावं लागतं.

रविवार : नागभीड

उठलो दुपारी. गाडीत झोपून मान धरली होती. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी गेलो, दादाजी खोब्रागडे यांचं गाव. थोडक्या शेतात, वेगळी दिसलेली लोंबी बाजूला काढून पेरत पेरत त्यांनी 'एचएमटी' तांदूळ तयार केला. त्या काळी घड्याळ एचएमटीचं, म्हणून तांदळालाही तेच नाव पडलं. गोंदियाच्या मिलमधून कालपरवा ज्या पोत्यांवर हे नाव पाहिलं, त्यांचा उगम इथला. दादाजी 3 जून 2018 ला गेले. आयुष्याच्या शेवटापर्यंत पैशाची चणचण होती. एका शेतकऱ्याच्या निवडीवर मिल, दलाल, दुकानदार असं सगळं उभं राहिलं, आणि त्या साखळीत त्याच्यासाठी टक्का ठेवायची सोयच कुठे नव्हती. काकांची घडणावळ, आंधळगावच्या बाईंची मजुरी, म्हातारीची छाट, सगळं आठवलं. ताईंना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "तू आता हे पोरांना शिकवणार, नि पेपरात जोड्या लावाच येणार."

गावातल्या एका घरून 20 किलो तांदूळ घेतला. जुना घ्या, म्हणजे निदान सहा महिने झालेला. नवा तांदूळ चिकट होतो. पावती मिळत नाही, चव मिळते.

मेमधल्या तेंदूच्या हंगामाला जायचं पक्कं केलंय. प्रकाशवाल्यानं, म्हणजे तेव्हाच्या मुन्शीनं, सांगितलंय की बाया पहाटे चारला जंगलात शिरतात, दुपारी घरी पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर येतात, तेव्हा भेटायचं तर संध्याकाळचं या. पाणी भरपूर ठेवा, उघडे पाय नकोत, आणि वाघाचा भाग असेल तर गावचा माणूस सोबत घेतल्याशिवाय रस्ता सोडू नका. ताई तयार आहेत. गाडीचं सर्व्हिसिंग तेवढं त्यांनी या खेपेला माझ्या खात्यात टाकलंय.